बुरख्याआडचा स्वार

पडदा म्हणून कुठली चादर लावायची यावरून नवलकरांकडे दुपारपासून जुंपली होती. सुलक्षणाबाईंनी आपली लग्नातली पांढरी चादर द्यायला साफ नकार दिला. तिला खिळे ठोकणार म्हणजे काय! सून कुंदा आपली घेऊन आली, तर तिच्या मधोमध गुलाबांचं भरतकाम. "दरोडेखोराच्या नाकावर गुलाब उगवेल गं," मधुकर बायकोला म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला चहा सगळ्यांच्या शेवटी मिळाला. शेवटी जयवंतरावांचं खळ घातलेलं धोतर दुहेरी करून ओसरीच्या भिंतीवर ताणलं.

"माझ्याच धोतरावर माझाच सिनेमा!" जयवंतराव म्हणाले. ते सकाळपासून फार खुशीत होते. दाढी गुळगुळीत, अंगात रेशमी कोट, आणि शेजारपाजारच्या चार घरांना स्वतः जाऊन आमंत्रण. मरोळपर्यंतही जाऊन आले असते, पण उन्हाचं सुलक्षणाबाईंनी सोडलं नाही.

एवढं खूश व्हायला कारणही तसंच होतं. 'घाटवाटेचा वैरी' हा त्यांचा एकुलता एक सिनेमा, मुका, सत्तावीस वर्षांपूर्वीचा. त्यातला बुरखेवाला स्वार म्हणजे जयवंतराव नवलकर, हे अंधेरीत लहान पोरालाही ठाऊक. दर दिवाळीला फराळाच्या ताटांवर ती गोष्ट व्हायची. घाटातली गाडी कशी अडवली, मागे फौज कशी लागली, मरोळच्या नाल्यावरून घोडी कशी उडवली. गोष्ट ऐकून मुलं मोठी झाली, पण सिनेमा मात्र त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. कंपनी बुडाली, बोलपट आले आणि मुक्या चित्रपटांना कुणी विचारीना. मग गेल्या महिन्यात एका बंद स्टुडिओचं गोदाम रिकामं होताना मधुकरच्या दोस्ताला, नंदकुमारला, भंगारात निघालेला एक डबा सापडला. नंदकुमार फिल्म धुण्याच्या कारखान्यात कामाला होता. डब्यात सिनेमाचा शेवटचा भाग तेवढा जिवंत होता. तो त्यानं छोट्या फिल्मवर उतरवून दिला आणि घरी दाखवायचं यंत्रही एका दिवसाच्या बोलीनं दिलं.

"अण्णा, पाच मिनिटं आहेत का?" शुभानं दारातून विचारलं.

जयवंतरावांनी टोपी आरशात सरळ केली. पोरगी कशाला आली ते त्यांना कळलं होतं. "ट्रॉम्बेच्या नोकरीचंच ना? झालंय बोलून."

"उद्या सकाळी हजर व्हायचंय मला. नाही गेले तर जागा दुसऱ्याला देतील."

"देऊ देत. त्यांना माणसं मिळतील. मला मुलगी एकच आहे."

"बीएस्सी कशाला करू दिलंत मग?"

"शिक्षण वेगळं आणि तीन बस बदलून परक्या पुरुषांत काम करायला जाणं वेगळं. शुभा, आपल्या घरातल्या बाईनं आजवर असलं काही केलेलं नाही."

"तुम्ही सिनेमात काम केलंत तेव्हाही लोक नावं ठेवत होतेच की."

"मी पुरुष होतो गं," जयवंतराव म्हणाले. वर आणखी, हा विषय पुन्हा निघाला तर आपण आजचा खेळही पाहणार नाही, असा दमही दिला. तो पाळायचा त्यांचा मुळीच इरादा नव्हता, पण शुभाला ते कसं कळणार? ती तोंड उतरवून मागच्या दारी गेली.

मागच्या दारी माणिकआत्या वाल सोलत बसली होती. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला, आणि तेव्हापासून जयवंतरावांची ही धाकटी बहीण याच घरात होती. घरातल्या सगळ्यांचं पथ्यपाणी तिच्याकडे. कमी बोलायची, आणि कुणी फार बोललं तर वालाची शेंग पुढे करायची. आत्ताही तिनं शुभापुढे मूठभर शेंगा सरकवल्या.

"आत्या, तू सांग ना अण्णांना. तुझं ऐकतात ते."

"कधी ऐकलंय?"

"ऐकत नसतील, पण तुझ्याकडे बघून गप्प होतात. मी लहानपणापासून बघतेय. आईवर ओरडतील, मधूवर ओरडतील, तुझ्यावर एकदा तरी ओरडलेत का?"

माणिकच्या हातातली शेंग तशीच राहिली. पोरीची नजर बारीक आहे, तिला वाटलं. शिकून वाया गेली नाही. पण सांगणार काय आणि कसं? तोंडाला कुलूप नानांनी घातलं होतं.

नाना म्हणजे माणिकचे आणि जयवंताचे वडील. त्यांचा अंधेरीत तबेला होता आणि सिनेमाच्या कंपनीला घोडे तेच भाड्यानं द्यायचे. जयवंताचं रूप बघून कंपनीच्या मालकानं त्याला बुरखेवाल्याचं काम दिलं. पहिल्याच दिवशी चंदी नावाच्या घोडीनं त्याला असा फेकला की खांदाच निखळला. नाला उडवू शकणारी घोडी तीच एक, पण चंदी कुणालाच पाठीवर घेत नसे. एकट्या माणिकला घेई, कारण शिंगरू असल्यापासून माणिकनंच तिला चारलं होतं आणि पहाटे कुणी बघत नाही तोवर तबेल्यामागच्या माळावर पळवलं होतं. मालक डोक्याला हात लावून बसला, तेव्हा नानाच म्हणाले, बुरखाच आहे ना? मग आत कोण आहे हे कोण बघतंय?

मग माणिकनं भावाची विजार घातली, झगा घातला, तोंडाला काळा बुरखा बांधला. बंद गाडीतून जायची आणि बंद गाडीतून यायची. बोलून दाखवायचं काही नव्हतंच, सिनेमा मुका. शेवटी बुरखा उतरतो तेवढ्या दृश्यात जयवंताचा चेहरा घेतला, आणि गळ्यात बांधलेला हात झग्याखाली लपवला. सगळं झाल्यावर नानांनी दोघांना तुळशीपाशी उभं केलं. मुलीचं लग्न व्हायचंय, हे चारचौघांत फुटलं तर तिची वाट लागेल, शपथ घ्या. दोघांनी घेतली. सिनेमा लागला तेव्हा घरातल्या बायकांना तो बघायला बंदी झाली. म्हणजे जिनं घोडी उडवली तिनंच ती उडताना कधी पाहिली नाही.

आज बघायला मिळणार होती. दुपारपासून माणिकला जेवण गेलं नव्हतं, आणि ती कुणाला सांगणारही नव्हती.

"आत्या? कुठे हरवलीस?"

"इथंच आहे. शेंगा सोल." मग थोड्या वेळानं, वर न बघता, "तुला खरंच जायचंय ना ट्रॉम्बेला? की वर्गातल्या पोरी जाताहेत म्हणून?"

"आत्या, त्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी गेले ना, मुलाखतीला, तेव्हा मला वाटलं, मी इथलीच आहे. आता घरी बसले तर आयुष्यभर ते आठवत बसेन. दुसरं काही होणार नाही माझ्याकडून."

"हं," माणिक म्हणाली. आठवत बसणं काय असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिला पोरीची फार दया आली आणि स्वतःचा रागही आला.

दिवेलागणीला ओसरी भरली. शेजारच्या शेवंतीबाई, त्यांचे यजमान काशीराम, पलीकडच्या बिऱ्हाडातली माणसं. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. माणिक सगळ्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली. सुलक्षणाबाई मात्र पुढे, धोतराच्या अगदी समोर. त्यांचा हक्कच होता. त्या गिरगावात मुलगी होत्या तेव्हा मामीबरोबर चोरून हा सिनेमा बघून आल्या होत्या आणि पुढे त्याच बुरखेवाल्याचं स्थळ आलं, तेव्हा पत्रिका बघायच्या आधीच "हो" म्हणाल्या होत्या. ही गोष्ट त्या लाजतच सांगत, अजूनही. शुभाच्या नोकरीला त्यांचाही विरोध होता. ज्याच्यावर भाळून या घरात आलो त्याचा शब्द मोडायचा कसा?

मधुकरनं दिवा घालवला. यंत्र खरखरायला लागलं आणि धोतरावर उजेडाचा चौकोन थरथरला. जयवंतराव पडद्याशेजारी हातात वेताची छडी घेऊन उभे राहिले. मुक्या सिनेमाच्या काळी पाट्या वाचून दाखवणारा माणूस थिएटरात असा उभा राही. आज ते स्वतःच.

"'घाटात अंधार दाटला, राजघराण्याची गाडी निघाली, परंतु...'" ते गरजले. "हा बघा, आला! काळा बुरखा, काळा झगा. हा मी."

घोडी वळणावरून आली. पिंडऱ्या पांढऱ्या, मान उंच. चंदी! माणिकच्या तोंडून नाव बाहेर पडता पडता राहिलं. घोडी मरून कितीतरी वर्षं झाली आणि ही इथं धोतरावर धावत होती, जिवंत.

"काय बसलोय बघा! लगाम एका हातात, पाहिलंत?"

"झकास, अण्णा!" मधुकर यंत्रामागून म्हणाला.

"'बुरखेवाला कोण? गरिबांचा वाली की सैतान?'" जयवंतरावांनी पुढची पाटी वाचली. आता स्वार लुटलेली थैली घेऊन टेकडीवरच्या देवळाकडे निघाला. पायऱ्यांपाशी उडी मारून उतरला. थैली डाव्या काखेत. आणि पहिल्या पायरीवर पाऊल टाकायच्या आधी त्यानं उजव्या हाताची दोन बोटं पोटाखाली नेली, चिमूट धरली, नसलेल्या निऱ्या अलगद वर उचलल्या आणि झरझर पायऱ्या चढून गेला.

दोघातिघांनी माना पुढे काढल्या. मग शेवंतीबाईंचा आवाज आला.

"अगो बाय माझ्या! ह्यो दरोडेखोर लुगडा उचलता मगो!"

बायकांत हशा उसळला. कुंदा तोंडाला पदर लावून हलत होती. काशीराम म्हणाले, "ओ जयवंतराव, काय हो हे? विजारीला निऱ्या?"

"बूट... बूट घट्ट होते," जयवंतराव म्हणाले. "विजारही जरा सैल होती. नाडी सांभाळावी लागायची."

"होतं तसं," मधुकरनं बाजू घेतली. "कंपनीचे कपडे ते."

सुलक्षणाबाई हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांना पडदा दिसत नव्हता. त्यांना मागच्या दारच्या तीन पायऱ्या दिसत होत्या. त्या पायऱ्या घागर घेऊन चढताना, ताट घेऊन चढताना, आजारी सासूला धरून चढताना दोन बोटांची ती चिमूट आणि वर तो किंचितसा झटका, हे त्यांनी रोज पाहिलं होतं, सकाळ-संध्याकाळ. त्यांनी मान वळवली. उंबऱ्याशी बसलेल्या नणंदेनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. हातात दागिना सापडलेल्या चोरासारखे.

"वन्सं?" सुलक्षणाबाई हळूच म्हणाल्या.

माणिकनं खाली बघितलं. शुभानं आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. पडद्यावर स्वार पायऱ्या उतरत होता आणि पुन्हा तीच चिमूट.  तिनं सतरंजीवरून सरकत सरकत जाऊन आत्याचा पदराखालचा हात धरला. तो हात गार पडला होता.

मागे फौज लागली. स्वारानं घोडी भरधाव सोडली. आता नाला येणार हे सगळ्यांना दिवाळीच्या गोष्टीवरून पाठ होतं. सगळे सावरून बसले. जयवंतरावांनी छडी उचलली.

"आणि आता इथे, मंडळी, इथे मी..."

चंदी नाल्याकडे झेपावली. जयवंतरावांनी ही उडी आजवर शेकडो वेळा मारली होती, फराळाच्या ताटावर, लग्नांत, मुलांच्या अंथरुणाशी. इतक्या वेळा मारली की खांदा निखळलेला तो जवान, कॅमेऱ्याच्या मागे गळ्यात हात बांधून उभा असलेला, त्यांना पार विसरायला झाला होता. आता आठवला. नाला रुंद होता. मालकही म्हणत होता, नको पोरी, मरशील. ती काही न बोलता घोडीच्या मानेवरून हात फिरवत होती. आणि आपण, मोठा भाऊ, रडत होतो. भीतीनं नाही तर लाजेनं. मेली असती तर आपल्या नावावर मेली असती.

घोडी हवेत गेली. झगा मागे उडाला. एवढासा देह, पाठ ताठ.

"इथे," जयवंतराव म्हणाले, आणि छडी खाली आली. "इथे माणिक उडी मारते."

कुणाला कळलंच नाही. "कोण माणिक?" काशीराम म्हणाले.

"माझी बहीण. ती मागे बसलीय ती. हे सगळं तिनं केलंय. मला घोडीनं पहिल्याच दिवशी पाडलं होतं."

यंत्र खरखरत राहिलं. पडद्यावर स्वार पकडला गेला, बुरखा उतरला आणि आतून जयवंतरावांचा तरुण, देखणा चेहरा बाहेर आला, एक खांदा थोडा खाली. मग फिल्मचं शेपूट फटफट आपटायला लागलं. मधुकरला यंत्र बंद करायचंही सुचेना.

दिवा लागल्यावर शेजाऱ्यांना आपापली कामं आठवली. शेवंतीबाई तेवढ्या मुद्दाम मागे गेल्या, माणिकच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "वाघीण गो तू." मग घरची माणसं उरली.

"नानांची शपथ होती, दादा," माणिक म्हणाली. एवढंच तिला बोलता आलं.

"शपथ तुझ्या लग्नासाठी होती. तुझं लग्न झालं, नवरा गेला, नाना गेले. नंतर मी शपथ कशाला पाळली? बरं वाटायचं गं, म्हणून." त्यांनी टोपी काढून काखेत धरली. "मला खरंच वाटायला लागलं होतं की मीच होतो."

सुलक्षणाबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता भडका उडणार. त्यांचे डोळे भरलेही होते. पंचवीस वर्षं जपलेली एक गोष्ट अशी हातातून जाते तेव्हा राग येतोच, त्यांनाही आला होता. त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"म्हणजे मी ज्याच्यावर भाळले, तो स्वार एवढी वर्षं माझ्याशेजारी बसून भाजी निवडतोय?"

कुंदाला हसू आवरेना. मग माणिकला आवरेना. मग सुलक्षणाबाईच फिसकन हसल्या आणि हसता हसता रडल्या. "आणि मी वन्संना मसाल्यावरून बोलले हो," त्या म्हणाल्या, "दोनदा बोलले या महिन्यात!"

"तीनदा," माणिक म्हणाली.

"वन्सं, गप बसा." पदरानं डोळे पुसून त्या नवऱ्याकडे वळल्या. "आपल्या घरातल्या बाईनं असलं काही केलेलं नाही, असं दुपारी कोण म्हणालं?"

जयवंतरावांनी मान खाली घातली.

"मधू, तू दुपारी कुणाच्या बाजूनं होतास?"

"मी? मी यंत्र लावत होतो, आई."

"आता कुणाच्या बाजूनं आहेस?"

मधुकरनं वडिलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. कुंदानं भुवया उडवल्या. "शुभाच्या," तो म्हणाला.

शुभा अजून आत्याचा हात धरून होती. तिला भीती वाटत होती की आपण एक शब्द बोललो तर हे सगळं मोडेल. अण्णांना असं खाली बघताना तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला ते आवडलंही नाही. जिंकायचं होतं, पण असं नको होतं.

माणिक उठली. "मधू, ते परत लावता येतं का रे?"

"येतं ना. गुंडाळायला थोडा वेळ लागेल."

"मग लाव. मला नीट दिसलंच नाही. सगळा वेळ हात लपवण्यात गेला." ती पुढे आली. भावाच्या हातातली छडी तिनं घेतली, घेताना जराशी लाजली. "या वेळी मी सांगते."

दिवा पुन्हा गेला. जयवंतराव काही क्षण जागेवरच उभे राहिले. कुठे बसावं ते त्यांना कळेना. धोतरावर उजेड आला, चंदी वळणावरून निघाली.

"ही मी," माणिक म्हणाली. तिचा आवाज यंत्राच्या खरखरीत बुडाला. ती थांबली आणि जरा मोठ्यानं म्हणाली, "ही मी आहे. बुरख्यात घाम इतका यायचा की डोळे चुरचुरायचे. आणि ही बाई गाडीत ओरडतेय ना, ती खरंच ओरडतेय, चंदीला घाबरून."

"आत्याबाई, त्या निऱ्या?" कुंदानं विचारलं.

"सवय गं. मालक ओरडला होता, पण फिल्म महाग, परत कोण काढतंय? म्हणाला, कुणाच्या ध्यानात येणार नाही."

"नाला उडवताना भीती नाही वाटली?" हा शुभाचा आवाज.

"वाटली की. हातपाय गार पडले होते. पण सगळ्यांना वाटत होतं माझ्यानं होणार नाही, आणि मला माहीत होतं होईल."

अंधारात कुणी तरी खाकरलं. जयवंतराव अजून उभेच होते. "शुभा," ते म्हणाले, "तुमची ती प्रयोगशाळा संध्याकाळी किती वाजता सुटते?"

 "साडेपाचला, अण्णा."

"मग उद्या मी बसस्टॉपवर येईन. सकाळी सोडायलाही आणि संध्याकाळी..."

"सोडायला ये. आणायला कशाला?" माणिक म्हणाली. "येईल तिची ती."

जयवंतराव दोन पावलं बहिणीकडे आले, ते थेट पडद्यापुढेच. यंत्राचा सगळा उजेड त्यांच्या रेशमी कोटावर पडला होता, आणि फौज, नाला, टेकडी सगळं त्यांच्या पाठीवरून धावत होतं.

माणिकनं छडीनं त्यांना हळूच ढोसलं.

"दादा, बाजूला हो रे," ती म्हणाली. "मी येतेय."